इवायांची हराळी

मोकळी जमीन नुसती पडलेली बघून ज्याचे हात शिवशिवतात असा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच असेल, आणि माझं नशीब असं की तो माझा व्याही आहे. दुसरा कुणी असता तर मी त्याला दोन दिवसांत वाटेला लावलं असतं. शेजारी असता तर भांडलो असतो, भाऊ असता तर बोलणं टाकलं असतं, मित्र असता तर घरात नाही म्हणून आतूनच निरोप पाठवला असता. पण पोरीच्या सासऱ्याला काय सांगणार, कपाळ? आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवाई सकाळी पावणेसहाला फाटकाबाहेर खाकरले की आपण उठायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि "या, या, बसा" म्हणायचं असतं. ते बसत नाहीत. सहा वर्षांत त्यांना माझ्या घरी खुर्चीवर बसलेलं मी तीनदा पाहिलं, आणि त्यातल्या एका वेळी त्यांच्या पायात काटा मोडला होता.

इवायांची उभी हयात गोरेगावकडच्या काळ्या रानात गेली. चाळीस वर्षं हळद, सोयाबीन, तूर. मग त्यांची बायको वारली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि माझ्या जावयाने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका पोराने, त्यांना हिंगोलीला आणलं. रान बटईने, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला दिलं. जावयाचं घर आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून. घर झकास आहे, पण चिखल नको म्हणून फाटकापासून न्हाणीपर्यंत सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवून घेतलेत. इवाई पहिल्या दिवशी त्या ब्लॉकवर उकिडवे बसले, दोन ब्लॉकमधल्या फटीत बोट घालून बघितलं, बोटाला लागलेली वाळू धोतराला पुसली आणि उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या फाटकाशी हजर, कमरेला पाठीमागे खुरपं खोवलेलं.

"इवाई," ते म्हणाले, "तुमची जागा लय मोकळी पडून राहिली."

आता माझंही ऐका. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. तीस वर्षं काचेच्या केबिनीत बसून माईकवर गाड्या पुकारल्या आणि त्या का आल्या नाहीत याबद्दल लोकांची बोलणी खाल्ली. गाडी मी चालवत नव्हतो, बिघडवत नव्हतो, पण काचेला भोक माझ्या तोंडासमोर होतं. निवृत्त होताना माझी देवाकडे एकच मागणी होती, की घरापुढे एक खुर्ची असावी आणि कुणी येऊन मला काही विचारू नये. घरापुढची जागा तरी केवढी? आडवी तीस फूट, उभी अठरा. एक तुळस, एक जास्वंद, एक कढीपत्ता, बाकी काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडणारी आणि पावसाळ्यात चपलेला चिकटून देवघरापर्यंत येणारी. मला ती तशी चालत होती. पण गेल्या वर्षी मला त्या जागेची खरोखरची गरज पडली, माझ्या बायकोच्या डाव्या पायासाठी. तो पाय पुन्हा चालता होतो की नाही, हा आमच्या घरातला एकच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाच्या आड इवाई खुरपं घेऊन बसले होते. तिथपर्यंत यायच्या आधी हे इवाई काय प्रकरण आहे ते सांगितलं पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी आमच्या अंगणाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाला नाव दिलं. फाटकापासून पायरीपर्यंतचं ते वरचं वावर. घर आणि कंपाउंडच्या भिंतीमध्ये जी स्कूटर ठेवायची बोळ आहे ती पांदण. मागे धुण्याच्या दगडापाशी चार फूट ओल असते, ते पाणथळ. आणि हे थट्टेने नाही हं, अगदी गंभीरपणे. एकदा फोन आला, मी बाजारात होतो, तर म्हणाले, "इवाई, पांदणीत वाट बंद झाली, कायतरी करा." मला वाटलं गावाकडे भांडण झालं. घाईघाईने घरी आलो तर स्कूटर आडवी पडलेली. रोज आल्याबरोबर ते वरच्या वावरातली चिमूटभर माती उचलायचे, बोटांत चुरायचे, नाकाशी धरायचे, आणि कधीकधी माझ्यादेखत जिभेवर ठेवायचे. मग डोळे मिटून म्हणायचे, "भुकेली हाय." मी स्वतः चहाशिवाय उभा असायचो, पण ती चौकशी कधी झाली नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी बांध घातला. पावसाचं पाणी फाटकाखालून रस्त्यावर जातं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या दिवशी ते घरी जेवायला गेले नाहीत. "पानी भायेर गेलं म्हंजे माती गेली, इवाई. तुमी डोळ्यानं बघून राहिले आन् गप बसले?" दीड फुटाचा बांध, फाटकाच्या आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घराच्या पायाला पाणी लागू नये म्हणून पायरीपासून उतार काढला, कडेने चारी काढून पाणी कढीपत्त्याकडे वळवलं. काम चोख होतं, नाही म्हणणार नाही. त्या पावसाळ्यात शेजारच्यांच्या भिंतीला ओल आली, आमच्या नाही. पण पुढची तीन वर्षं मी रोज स्कूटर त्या बांधावरून उडवत बाहेर काढली. गॅस सिलिंडरवाला बांधावरून आत यायचा तेव्हा आधी देवाचं नाव घ्यायचा. माझ्या मेहुण्याने तर पहिल्या भेटीतच त्यावर साष्टांग नमस्कार घातला. इवाई धावत गेले आणि बांधाला कुठे चीर पडली का ते बघितलं.

तिसरी गोष्ट, शोभेच्या झाडांशी त्यांचं जन्माचं वैर. प्रत्येक रोपापुढे उभं राहून त्यांचा एकच प्रश्न, "ह्याला काय लागतं?" मी हौसेने एक क्रोटन आणलं होतं. म्हटलं, काही लागत नाही, पानं रंगीत असतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उगाच अपराध्यासारखं वाटलं. "बरं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी क्रोटनच्या बुडाशी वालाचं बी टोकलं. तो वेल क्रोटनवर चढला, तिथून फाटकाच्या खांबावर, तिथून माझ्या नावाच्या पाटीवर. पोस्टमन महिनाभर आमची पत्रं समोरच्या घरी टाकत होता. मी नंतर आणलेल्या गुलाबाच्या आळ्यात हळद लावली. नऊ महिने त्या गुलाबाला मी हात लावायचा नाही. मग हळद खणली, आणि आमच्याच प्रेशर कुकरात उकडली. शेतात कढई लागते, एवढ्याशा हळदीला कशाला, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून आमच्या कुकरातला भात फिकट पिवळा होतो. पाहुणे विचारतात, केशर का? मी हो म्हणतो. एवढं समजावून सांगायची आता ताकद राहिली नाही.

छाटणीच्या वेळी मात्र हाच माणूस वेगळा व्हायचा. जास्वंदीची फांदी कापायची असली तर आधी तिच्यावर हात ठेवायचे, "माफ कर माय" म्हणायचे आणि मग विळा लावायचे. फांदी आमची असो की भिंतीवरून डोकावणारी शेजारची, माफी मागून कापायचीच. शेजारी चिडून बाहेर आले की इवाई त्यांनाही शांतपणे सांगायचे, "मी इचारलं तिला." शेजारी मग माझ्याशी बोलायचे. काचेला भोक पुन्हा माझ्याच तोंडासमोर.

मी बायकोपाशी कुरकुरायचो. ती म्हणायची, "असू द्या हो. रानाविना माणूस हाय, करमत न्हाई त्यांना." तिला बरं होतं म्हणायला, कारण ती त्यांच्यासमोर कधी यायचीच नाही. आमच्यात विहीण, म्हणजे ईनबाई, व्याह्यापुढे मोकळ्या डोक्याने फिरत नाही, उगाच समोर उभी राहून बोलत नाही. इवाई अंगणात असले की ती आत. चहा माझ्या हातून. निरोप दाराआडून, तोही त्यांना नाही तर मला, "त्यांना म्हणावं साखर कमी हाय का बघा." इवायांचंही तसंच, ते दाराकडे पाठ करून जास्वंदीला उत्तर द्यायचे, "ईनबाईला म्हणावं बराबर हाय." असे ते दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत होते आणि मध्ये मी.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बायकोला लकवा झाला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव आणि बोलणं वाचलं, पण डावा पाय जड झाला. इवाई बघायला आले होते, तेव्हा दुसऱ्यांदा खुर्चीवर बसले. ती चादर ओढून, डोक्यावर पदर घेऊन पडलेली. "बरी हाय आता," मी म्हटलं. लोक म्हणतात तसं म्हटलं. पाय उचलत नाही, घासत येतो, हे काही मी सांगितलं नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की रोज सकाळी अनवाणी, मऊ गवतावर चालवा, तळव्याला जाग येते. फरशीवर तर ती पाऊलच टाकेना, घसरून पडायची धास्ती. मऊ गवत कुठून आणू? अंगणात तर बांध, वाल, हळद आणि ढेकळं.

इवाई दरवर्षी पेरणीला गावी जातात. रान बटईने दिलं तरी बी डोळ्यांदेखत पडलं पाहिजे. ते दीड महिना तिकडे असतात, तेवढ्यात मी डाव साधला. खरंच सांगतो, चोरासारखा साधला. बांध फोडला, वरचं वावर सपाट केलं, नर्सरीतून पोतंभर गवताच्या मुळ्या आणून लावल्या. नर्सरीवाला म्हणाला, "लॉन आहे काका, पायाला मऊ." इवायांना फोन करून सांगावं असं मनात आलं होतं. पण मग "ह्याला काय लागतं" हे ऐकावं लागलं असतं, आणि मला त्याचं उत्तर द्यायचा कंटाळा आला होता. सहा आठवडे पाणी घातलं. ऑगस्टमध्ये अंगण हिरवं झालं. बायको दारात खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायची. म्हणाली, "नांदेडहून तपासून आलो की सुरू करते." तिने आपण होऊन काही सुरू करते म्हटलं, ते पाच महिन्यांत पहिल्यांदा.

नांदेडला दोन दिवस लागले. परत आलो, रिक्षा फाटकाशी थांबली, आणि मी आत बघितलं तर अंगण काळंभोर. एक हिरवी काडी नाही. माती भुसभुशीत, वखरल्यासारखी, ढेकूळसुद्धा फोडलेलं. बाहेर डांबरी रस्त्याच्या कडेला, माझं सगळं लॉन मुळ्या वर करून उन्हात वाळत पडलेलं. आणि फाटकात इवाई. दोन्ही हातांना फोड, नखं फाटलेली, धोतर गुडघ्यापर्यंत मातीने भरलेलं, आणि तोंडावर असा आनंद की विचारू नका.

"इवाई! तुमी गावाला गेले आन् हराळीनं वावर खाल्लं तुमचं! म्या काल सकाळीच आलो, बघितलं आन् बसलो. दोन दिवस लागले. एक मुळी ठिवली न्हाई!"

हे फक्त आमच्या भागातला शेतकरीच करू जाणे. हराळी म्हणजे काळ्या रानाचा वैरी. वरून उपटली तर खालून येते, खालून खणली तर बाजूने येते, हळदीत शिरली की हळद बसते. या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्या कशाशी एवढं भांडण केलं नव्हतं. आणि नर्सरीवाल्याने लॉन म्हणून दिलेलं ते गवत हराळीच होतं, हे आता वाळताना मलाही दिसत होतं. आपल्या व्याह्यावर संकट आलंय असं समजून बिचारा दोन दिवस उपाशीतापाशी राबला होता. पण तेव्हा मला हे काही सुचलं नाही. तीस वर्षं मी काचेमागून लोकांचं ऐकून घेतलं, कधी आवाज चढवला नाही. तो सगळा त्या दिवशी चढला.

"हराळी न्हवती ती! लावली होती म्या! तुमच्या ईनबाईला चालायला लावली होती!"

इवायांना कळेना. तेवढ्यात बायको रिक्षातून उतरली. त्यांना बघून तिने आधी पदर डोक्यावर घेतला, मग माझा खांदा धरला, आणि फाटकातून पायरीपर्यंत निघाली. उजवा पाय पडायचा, डावा घासत यायचा. मोकळ्या मातीत त्या पायामागे एक रेघ उमटत गेली. इवायांनी मान फिरवायला पाहिजे होती, पण त्यांना सुधरलंच नाही. ती आत गेली. ते त्या रेघेकडे बघत उभे राहिले.

"मंग मला सांगितलं काहून न्हाई?" ते हळू म्हणाले.

मी सामान उतरवायला रिक्षाकडे वळलो. ते निघून गेले. खुरपं पायरीवर विसरलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला कुणी खाकरलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी अंगणात खुर्ची टाकली, आजूबाजूला कुणी काही विचारणारं नव्हतं, देवाने माझी मागणी पूर्ण केली होती, आणि मला तिथे दहा मिनिटं बसवलं नाही. आतून बायको म्हणाली, "लय बोललात तुमी." मी म्हटलं, "तुझ्यासाठीच बोललो ना?" ती म्हणाली, "मीच त्यांच्यासमोर चालत गेले. लाज वाटली मला." मग पोरीचा, वैशालीचा फोन आला, की मामाजी जेवत नाहीत धड आणि आज सकाळीच कुणाला न सांगता गावाकडे गेलेत. मला फार वाईट वाटलं. म्हातारं माणूस, फुटलेल्या हातांनी गावाला कशाला गेलं असेल?

पाचव्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर खाकरण्याचा आवाज आला. इवाई उभे. डोक्यावर ओलं पोतं. पोत्यात हराळी. स्वतःच्या रानाच्या बांधावरची, जिला चाळीस वर्षं जिंकता आलं नाही ती, मुळ्यांसकट, मातीसकट खणून, जीपने हिंगोलीपर्यंत आणलेली.

"जीपमधले लोक हासून राहिले होते," पोतं उतरवत ते म्हणाले. "म्हणे, आबा, येड लागलं का? शहरात हराळी पेरता व्हय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, व्हय."

यात किती होतं ते शेतकऱ्यालाच कळेल. ज्याच्या रानात हराळी दिसली त्याला गाव आळशी म्हणतं, आणि इवाई ती डोक्यावर घेऊन सगळ्यांसमोरून आले होते. मग त्यांनी दोरी ताणली, वीत-वीतभर अंतरावर एकेक काडी, ओळीने, मिरचीचं रोप लावावं तशी लावली. तीस फूट बाय अठरा. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "तुमची वाकडी जाती." त्यात त्यांना संध्याकाळ झाली.

आणि गंमत बघा, हराळी येईना. जी न बोलावता येते, ती आठ दिवस झाले, दहा झाले, नुसती पिवळी पडून राहिली. इवाई कासावीस. दिवसातून तीनदा यायचे, शेणखत घातलं, पाणी कमी केलं, जास्त केलं, पालापाचोळा पसरला. "जलमभर मारली, आता रुसली माझ्यावर," म्हणायचे. एका सकाळी मी दार उघडलं तर ते गुडघ्यांवर बसून, हात जमिनीवर ठेवून काहीतरी पुटपुटत होते. मी ऐकलं. "माफ कर माय" म्हणत होते. हसावं की काय करावं मला कळेना, मी दार लोटून घेतलं. तेराव्या-चौदाव्या दिवशी कोंब फुटले, आणि मग मात्र तिने महिनाभरात अंगण व्यापलं.

आता नवीन पंचाईत. चालायची वेळ सकाळची, आणि सकाळी इवाई अंगणात. ते असले की बायको बाहेर येईना. एकदा लाज गेली ती गेली, पुन्हा नाही, म्हणाली. मी तीन दिवस शब्द जुळवले आणि चौथ्या दिवशी इवायांना कसंबसं सांगितलं, की ईनबाईला तुमच्यासमोर अवघड होतं. मला वाटलं, आता उद्यापासून यायचे नाहीत. ते "बराबर हाय" म्हणाले, उठले, अंगणाच्या टोकाला भिंतीशी गेले आणि भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसले. खुरपं हातात घेतलं. "म्या हितं न्हाईच असं समजा," भिंतीला म्हणाले.

मी आत जाऊन बायकोला सांगितलं. तिने खिडकीतून ती पाठ बघितली, बराच वेळ बघितली, पदर घेतला आणि बाहेर आली. चार पावलं चालली. परत फिरली. तशी भिंतीकडून आवाज आला, "चार." मला असा राग आला, तुम्हाला मोजायला कुणी सांगितलं? पण बायको पदराआड हसत होती.

मग रोजचंच झालं. इवाई भिंतीपाशी तेवढीच वीतभर जागा खुरपायचे, जिथे खुरपायला काही उरलं नव्हतं, आणि कान मागे, घासत येणाऱ्या पायाकडे. सहा. अकरा. वीस. एकदा त्यांना ताप आला, दोन दिवस आले नाहीत, तर बायको चालेना. "मोजणार कोण?" मी म्हटलं, मी काय मेलोय? मी मोजतो. ती म्हणाली, "तुमी घाई करता." तीस वर्षं गाड्या वेळेवर सोडण्यात गेली, त्याचं हे फळ. मी वैशालीकडे जाऊन तापाच्या गोळ्या देऊन आलो, इवाई लवकर उठावेत म्हणून.

थंडीतली गोष्ट. दवाने गवत ओलं होतं. बायको भिंतीपर्यंत जाऊन परत आली, आणि भिंतीकडून आकडा येईना. मला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. मग ते न वळताच म्हणाले, "इवाई, आज ईनबाईचा पाय घासला न्हाई." आम्ही दोघांनी खाली बघितलं. ओल्या गवतावर पावलं उमटली होती, उजवं आणि डावं, सुटी सुटी. मध्ये रेघ नव्हती. नांदेडच्या डॉक्टरांना हे पंधरा दिवसांनी कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं काय कारण आहे? बायको मला म्हणाली, "त्यांना म्हणावं, आज चहात साखर बराबर टाकते." इवाई भिंतीला म्हणाले, "ईनबाईला म्हणावं, जास्त टाका."

या उन्हाळ्यात जावयाची बदली संभाजीनगरला झाली. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बाल्कनीत दोन कुंड्या. इवायांना बरोबर जाणं भाग होतं, इथे एकटं कोण ठेवणार? जायच्या दिवशी ते आले, हराळी किती उंच झाली की कापायची, कडा कशा खुडायच्या, पाणी सकाळीच का द्यायचं, सगळं मला दोनदा सांगितलं. मग आतून बायको आली. हातात कपबशी, डोक्यावर पदर, आपल्या पायांनी, हिरवळीवरून चालत, चहा न सांडता. इवाई जे तिसऱ्यांदा खुर्चीवर बसले ते तेव्हा. कपाकडे बघत चहा प्यायले. "बराबर झाला," म्हणाले, या वेळी भिंतीला नाही. जाताना खुरपं माझ्या हातात दिलं आणि फाटकातून मागे वळून न बघता गेले.

आता मी सकाळी खुर्ची टाकून बसतो. कुणी काही विचारत नाही. भिंतीपाशी ते बसायचे तिथे वीतभर जागा उघडी पडली आहे. हराळी सगळीकडे पसरली, तिथे येत नाही. मीही तिथे लावलेली नाही.

सहा वाजता फोन वाजतो. "इवाई, काय म्हणते हराळी?" मग म्हणतात, "बोलू नका, ठिवा खाली." मी फोन त्या उघड्या जागेवर भिंतीला टेकवून ठेवतो. बायको पदर डोक्यावर घेते. मी एकदा म्हटलं, अगं, फोनमध्ये त्यांना काय दिसतंय? तिने ऐकलं नाही. ती चालते, भिंतीपर्यंत जाते, परत येते. पाय घासत नाही, त्यामुळे ऐकू काहीच येत नाही, आणि ते ऐकू येत नाही याची खात्री करायलाच ते रोज कान लावून बसतात. वैशाली सांगत होती, फोन लावला की मामाजी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसतात, आणि आईचं चालणं होईपर्यंत वळत नाहीत.